आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: सलाईनने पोट भरत नाही हो

माननीय आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

दिवस गेले तेव्हा माझं वजन ५४ किलो होतं, तेराव्या आठवड्यात ४७. मधे चार वेळा ॲडमिट झाले, दरवेळी सलाईन, उलटीचं इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी घरी, आणि घरी आलं की पाण्याचा घोटसुद्धा टिकायचा नाही. चारही वेळा कुणी मला वजनकाट्यावर उभं केलं नाही, "पहिल्या तीन महिन्यांत होतंच असं" एवढंच सांगायचे.

गरोदरपणातल्या अशा टोकाच्या उलट्यांना हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम म्हणतात. वजन ५ टक्क्यांच्या वर उतरलं की ती धोक्याची खूण, माझ्यासाठी ते पावणेतीन किलो होते आणि ते पहिल्यांदा ॲडमिट व्हायच्या आधीच गेले होते. सगळं मनाचं आहे, मनावर घेऊ नकोस असंही ऐकलं, पण २०२३ मधे नेचर या विज्ञान नियतकालिकात संशोधन आलंय की बाळ आणि वार (प्लासेंटा) यांच्याकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ१५ नावाचं हार्मोन आणि त्याला आईचं शरीर आधीपासून किती सरावलेलं आहे यावर या उलट्यांची तीव्रता बरीचशी ठरते. मनाचा काय संबंध?

साहेब, मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती थायमिनची, म्हणजे बी१ ची. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, आणि इतके दिवस पोटात काही न राहिलेल्या बाईला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं पण संपतं, मग डोळे नीट फिरत नाहीत, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखं करतो, मेंदूच्या या आजाराला वर्निके म्हणतात आणि काही जणींची स्मरणशक्ती कायमची जाते. स्वस्तातलं इंजेक्शन आहे हो ते, आधी द्यायचं, बस.

पाचव्या वेळेला दुसऱ्या हॉस्पिटलमधे गेलो तिथे आधी वजन, मग थायमिन, आणि तरी काही टिकेना तेव्हा नाकातून नळी घालून हळूहळू फीड सुरू केलं. हळूहळू, कारण उपाशी शरीराला एकदम अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं, म्हणून रोज रक्त तपासायचे. नळी टोचते, घसा दुखतो, खोटं नाही बोलणार. पण चौथ्या दिवशी मी स्वतःचे केस स्वतः विंचरले.

हेच सगळं लेखी परिपत्रक म्हणून प्रत्येक प्रसूती वॉर्डात लावा, प्रत्येक भेटीला वजन घ्या आणि आहारतज्ज्ञ पहिल्याच ॲडमिशनला बोलवा, पाचव्या नाही.

आपली,
एक आई