समुद्राकडच्या जागेबद्दल, दिनूस

देवबाग, ता. मालवण
मे अखेर

प्रिय दिनू,

पत्र मिळालं. तू गावात परत येणार, समुद्राकडच्या तुमच्या माडबागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधणार, हे वाचून फार बरं वाटलं. पण जागेबद्दल तू मला विचारलं आहेस, म्हणून आधीच सांगतो: तिथे बांधू नकोस.

एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, एवढंच आपलं गाव. पावसाळ्यात लाटा पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या मोकळ्या पट्टीची, वाळू ओढून नेतात आणि दर्या शांत झाला की हळूहळू परत आणून टाकतात. आपल्या लहानपणी हे बरंचसं जुळायचं. आता गेलेली सगळी परत येत नाही. नदीने आणलेली वाळू खाडीतच उपसली जाते, ती किनाऱ्यापर्यंत पोचणार कशी? त्यात वादळं. २००९ चं फयान तुला आठवत असेल. २०१९ चं क्यार तर आपल्या किनाऱ्यावर आलंच नाही, भर समुद्रातून पश्चिमेला गेलं, तरी त्याच्या लाटा वस्तीत शिरल्या. मग मे २०२१ मध्ये तौक्ते. तुमच्या बागेतली बाहेरची माडांची रांग आता नाही.

हे आपल्याच गावाचं दुखणं आहे असंही नाही. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला किनारा तपासला, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजताना दिसला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे पाव आहे.

तू म्हणशील, धूपप्रतिबंधक बंधारा घालून घेऊ. ज्याच्या खळ्यात, अंगणात पाणी येतं त्याला बंधारा हवाच, त्याला मी विरोध कसा करू? पण दगडांवर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे पुढच्याची जमीन जास्त तुटते. शिवाय रापणीचं, किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याचं, काय? दोर खांद्याला लावून दोन्हीकडची माणसं मागे सरतात, त्याला मोकळी, उतरती पुळण लागते. होड्या वर ओढायच्या तर पुळण, बायकांनी मासळी सुकत घालायची तर पुळण. वाडीतले जुने रापणकर विचारतात, "पुळणच रवली नाय, रापण वडूची खंय?" लोकांना वाटतं धूप म्हणजे घर पडणं. दिनू, घर पडण्याच्या कितीतरी आधी माणसाचं काम जातं, आणि त्याचा फोटो कुठे छापून येत नाही.

त्याची भरपाईही नाही. वादळाने छप्पर उडालं तर पंचनामा होतो. पण दर पावसाळ्यात थोडी थोडी जमीन गेली तर तलाठ्याने काय लिहायचं? केंद्र सरकारच्या मदतीसाठी अधिसूचित केलेल्या आपत्तींत चक्रीवादळ होतं, त्सुनामी होती, टोळधाडीसारखा किडींचा हल्लासुद्धा होता. किनाऱ्याची धूप नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ साठी धूप रोखायला आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाला वेगळे पैसे सुचवले, हे चांगलंच झालं. पण ओडिशात समुद्राने गिळलेल्या सातभायाच्या लोकांना बागपाटियाला हलवलं, तसं आपल्याला हलवलं तर रापण कुठे न्यायची? मला पुनर्वसन नको, वाळूचा उपसा थांबायला हवा. त्यासाठी ग्रामसभेत बोलणारी माणसं हवीत, आणि तू हवास.

खोल्या रस्त्यालगतच्या तुकड्यात बांध. समुद्राकडची केतकी आणि मर्यादवेल तोडू नकोस, वाळू धरून ठेवायला तीच आहे. कोणी भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत जागा दाखवून "पाणी लांब आहे" म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला ये, भर भरतीत तिथे जाऊन बघू. येताना काकांकडचा जुना मोजणीचा नकाशा आण. तुमचा पश्चिमेचा हद्दीचा दगड मला सापडत नाही.

काकींना नमस्कार सांग.

तुझा,
बाबल