वेटसूट वाढत्या अंगाचा घेऊ नका

संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांनी काय काय सामान न्यावं याची यादी तुमच्या पुरवणीत आली होती, आईने मालवणहून फोटो काढून पाठवला. कुकर, मसाले, थर्मल सगळं बरोबर, पण शेवटी एक ओळ आहे की सर्फिंग-कयाकिंगची आवड असेल तर वेटसूट (गार पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा रबरी पोशाख) इथूनच घेऊन जा, तिकडे महाग पडतो. ते वाचून राहवलं नाही, कारण सहा वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं.

मी टाइनमथला राहते, इंग्लंडमधे न्यूकॅसलजवळ, समोर नॉर्थ सी. लहानपण समुद्रातच गेलेलं त्यामुळे पाण्याची भीती अशी नव्हतीच. येताना मुंबईतून 3 एमएम जाडीचा सूट घेतला आणि तोही एक साइज मोठा, पुढेमागे जाड झाले तरी होईल म्हणून (शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यायची सवय, दुसरं काय). मे महिना, मस्त ऊन, लोक आइस्क्रीम खात फिरतायत, पण पाणी 9-10 डिग्री. आपल्या कोकणात समुद्र 26 ते 30 च्या मधे असतो, तो अंदाज इथे काय कामाचा! पहिल्याच लाटेला मानेतून गार पाणी शिरलं ते पाठीवरून थेट कमरेपर्यंत, आणि श्वास असा अडकला की ओरडायलाही हवा मिळेना. पाणी छातीएवढंच होतं आणि मैत्रीण शेजारी होती म्हणून निभावलं. नंतर कळलं की याला कोल्ड शॉक म्हणतात, पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, तेव्हा हातपाय मारायचे नाहीत, उताणं पडून तरंगायचं आणि श्वास जागेवर येऊ द्यायचा. इथले लाइफबोटवाले हेच सांगत असतात.

मुळात वेटसूट म्हणजे रेनकोट नव्हे. पाणी आत येतंच. निओप्रीनच्या रबरात गॅसचे बारीक बुडबुडे असतात, ते ऊब धरून ठेवतात, आणि सूट आणि अंग यांच्यामधे पाण्याचा जो पातळ थर राहतो तो आपल्या अंगाने गरम होतो. सूट ढगळ असेल तर प्रत्येक लाटेला तो थर वाहून जातो नि नवीन गार पाणी येतं, म्हणजे तुम्ही समुद्र तापवत बसता. म्हणून आधी फिटिंग, मग एमएम, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी. दुकानात घालताना घाम फुटला पाहिजे (पायाला प्लास्टिकची पिशवी घालून सरकवा, लवकर जातो), मग हात वर करा, उकिडवे बसा, आणि कमरेच्या खोलगट भागात, काखेत, जांघेत चिमटीत रबर येतंय का बघा. येत असेल तर परत ठेवा. श्वास नीट घेता आला पाहिजे हे आलंच. बायकांनी पुरुषांचा सूट स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नये, कमरेला हमखास पोकळ राहतो.

जाडी ठरवताना हवेचं तापमान बघू नका, पाण्याचं बघा. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमधे पाणी 6-7 पर्यंत उतरतं आणि सगळ्यात गरम ऑगस्ट-सप्टेंबरात, तेही 14 च्या आसपास. 5/4/3 लिहिलेलं असतं म्हणजे छाती-पाठ 5 एमएम, पाय 4, हात 3. उन्हाळ्यात 4/3 चालतो, हिवाळ्यात 5/4 किंवा त्याहून जाड, वर हूड, हातमोजे, बूट. शिवणही उलटून बघा, साधी आरपार शिवण असेल तर टाक्याटाक्यातून पाणी येतं, थंड पाण्याला चिकटवून आतल्या आत शिवलेलीच हवी. पाठीवरच्या चेनपेक्षा छातीवरची चेन कमी गळते पण घालायला जिकिरीची. आणि पोहण्याचा गुळगुळीत सूट सर्फिंगला नेऊ नका, नख लागलं तरी फाटतो. हिवाळ्यात कयाक करणारे तर सरळ ड्रायसूटच (पाणी आत येऊच न देणारा सूट) घालतात.

आणि हो, इंग्लिश खाडी पोहणारे कुठे वेटसूट घालतात असं कोणीतरी म्हणेलच. नाही घालत, नियमातच बसत नाही, 1958 ला मिहिर सेन आणि 1959 ला आरती साहा साध्या कॉश्च्युमवरच गेले. पण ती माणसं महिनोन्‌महिने थंड पाण्यात शरीर तयार करतात आणि खाडीचं पाणीही उन्हाळ्यात 15 ते 18 असतं. विमानातून उतरून दुसऱ्या आठवड्यात समुद्रात उडी मारणारं पोर वेगळं.

तारकर्लीला स्कूबासाठी देतात तसले पातळ सूट तिथे ठीकच आहेत, त्यांचा दोष नाही. इथे आल्यावर पहिले दोन-चार महिने सर्फ स्कूलचा भाड्याचा सूट वापरा, कुठला अंगाला बसतो ते कळेल, मग घ्या.

पुढच्या पुरवणीत तेवढी ती एक ओळ दुरुस्त करून छापाल का? मुलं सप्टेंबरात निघतील, पण बॅगा आत्तापासूनच भरायला घेतल्या असतील.

आपली,
एक वाचक, टाइनमथ (मूळ मालवण)