अकरावीत गणित सोडण्याआधी

महोदय,

दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली म्हणजे अभियांत्रिकीला जाता येतेच, हा समज चुकीचा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन गणिताऐवजी भूगोल निवडणाऱ्या विद्यार्थ्याला बारावीनंतर राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाचा अर्ज भरता येत नाही. भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहेत. तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संगणकशास्त्र किंवा यादीतील इतर तांत्रिक विषय चालतो. तरीही रसायनशास्त्र सोडू नये, कारण सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, 200 पैकी 50 गुण त्याचेच आहेत.

दुसरी अडचण टक्क्यांची. खुल्या गटाला या तीन विषयांत मिळून 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 गुण लागतात. राज्यातील मागासवर्गीयांना 40 टक्के. भौतिकशास्त्रात 52, गणितात 38, रसायनशास्त्रात 44 मिळवणारा तिन्ही विषयांत उत्तीर्ण असतो, पण बेरीज 134 भरते. एका गुणाने पात्रता हुकते आणि सीईटीतले चांगले पर्सेंटाइल वाया जाते. भाषेचे गुण इथे कामी येत नाहीत. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे प्रत्येकी 30 गुण मात्र येतात, म्हणून जर्नल (प्रयोगवही) वेळेत पूर्ण करावे.

अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष समजणेही महागात पडते. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा भार 20 टक्के, म्हणजे 40 गुण असतो.

कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या प्रवेशअर्जासोबतच कोणत्या विषयगटाने कोणता मार्ग बंद होतो, याचा मराठी तक्ता पालकांच्या हाती द्यावा.

– गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक