सोयाबीनचा भाव सांगणाऱ्यांना काट्याविषयी विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

येत्या बुधवारी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान आहे. मराठवाडा आणि विदर्भातल्या प्रचाराचा मोठा भाग सोयाबीनच्या भावावर चालला आहे. महायुतीच्या सभांतून क्विंटलला ६ हजार रुपये सांगितले जातात, काँग्रेस ७ हजार आणि वर बोनस म्हणते. ज्याच्यासाठी हे आकडे आहेत, त्याला लातूरच्या बाजारात या महिन्यात ४ हजार ते ४ हजार ३०० रुपये पडत आहेत. आणि यंदाचा (२०२४-२५) जाहीर हमीभाव आहे ४,८९२ रुपये. जाहीर झालेला भावच ज्याच्या पदरात पडत नाही, त्याला त्याहून मोठा आकडा ऐकवून काय उपयोग? म्हणून माझे सांगणे एकच आहे. उमेदवार गावात आला की भाव किती हे विचारू नका. माप कुठे घेणार, किती घेणार, किती दिवसांत घेणार हे विचारा.

आधी अधिकार कोणाचा ते पाहू. हमीभाव राज्य सरकार ठरवत नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळ तो जाहीर करते. राज्याच्या हातात आहे ते बोनस देणे किंवा भावातला फरक भरणे, म्हणजेच तिजोरीतून पैसा काढणे. त्यामुळे विधानसभेच्या निवडणुकीत कोणीही सोयाबीनचा भाव सांगितला, तर तो हमीभाव अधिक राज्याचे अनुदान असाच वाचला पाहिजे. महायुतीच्या वचननाम्यात हमीभावावर २० टक्के अनुदान आहे. ४,८९२ चे २० टक्के ९७८ होतात, बेरीज ५,८७० येते. काँग्रेसच्या ७ हजारांसाठी क्विंटलमागे २,१०८ रुपये घालावे लागतील.

आता हे पैसे किती क्विंटलवर द्यायचे? राज्यात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन आहे. हेक्टरी १२ क्विंटल धरले तर ६० लाख टन, म्हणजे ६ कोटी क्विंटल माल होतो. केंद्राच्या आधारभूत खरेदीत राज्याच्या उत्पादनाच्या साधारण २५ टक्क्यांपर्यंतच माल घेतला जातो. तो झाला दीड कोटी क्विंटल. महायुतीचे अनुदान फक्त सरकारी काट्यावर, म्हणजे हमीभावाच्या खरेदी केंद्रावर, विकणाऱ्याला द्यायचे तर सुमारे १,४६७ कोटी लागतील, सगळ्यांना द्यायचे तर ५,८६८ कोटी. काँग्रेसच्या आकड्याने हेच हिशेब ३,१६२ कोटी आणि १२,६४८ कोटी होतात. दोन्ही बाजूंनी या दोन टोकांपैकी कोणते वचन दिले आहे, हे मंचावरून कोणी सांगितलेले नाही. चारातला एक शेतकरी धरायचा की चारही, हा प्रश्न भावाच्या आकड्याहून मोठा आहे.

सरकारी काट्यापर्यंत पोहोचण्याची वाट कशी आहे, हे शहरातल्या वाचकांनाही कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नोंदणीसाठी आधार, बँकेचे पासबुक आणि चालू हंगामाचा पीकपेरा असलेला सातबारा लागतो. पीकपेरा म्हणजे कोणते पीक पेरले याची नोंद, ती ई-पीक पाहणीतून होते. ती मोबाइलवर वेळेत झाली नसेल तर सातबाऱ्यावर सोयाबीन दिसत नाही आणि शेतात पीक उभे असूनही नोंदणी अडते. बटईने केलेल्या जमिनीत तर सातबारा मालकाचा आणि माल कसणाऱ्याचा, त्यामुळे कसणारा बहुधा बाहेरच राहतो. नोंदणी झाली की माल कधी आणायचा याचा मोबाइलवर संदेश येतो. जिल्ह्याची हेक्टरी उत्पादकता ठरलेली असते, तिच्याहून जास्त माल एका खात्यावर घेत नाहीत. केंद्रावर चाळणी मारतात, काडीकचरा आणि माती २ टक्क्यांच्या आत लागते, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. मग ५० किलोचे पोते शिवून माल वखारीत जातो. तिथे प्रत नाकारली गेली तर गाडी परत फिरते. वखारीची पावती तयार झाल्याशिवाय पैशाची फाईल पुढे सरकत नाही.

यात सर्वात जास्त लोक अडकतात ते ओलाव्यावर. सोयाबीनची काढणी ऑक्टोबरात येते आणि त्याच वेळी परतीचा पाऊस. भिजलेल्या गंजीतून मळलेल्या मालाचा ओलावा सहज १८-२० टक्के भरतो. तो १२ वर आणायला पातळ थर देऊन, पुन्हा पुन्हा हलवत दोन-तीन दिवसांचे चांगले ऊन लागते. दोन एकरवाल्याकडे ना खळे, ना ताडपत्र्या, ना तेवढा दम, कारण रब्बीच्या हरभऱ्याचे बी आणि खत त्याच आठवड्यात घ्यायचे असते. ओलावा मोजणाऱ्या मीटरचाही घोळ असतो. उन्हातून नुकताच उचललेला गरम माल घातला किंवा नमुन्याचे भांडे नीट भरले नाही की आकडा चुकतो. पोत्याच्या तोंडाचा नमुना आणि तळाचा नमुना यात फरक पडतो. म्हणून नमुना वरून, मधून आणि तळातून काढून एकत्र करावा आणि तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. केंद्रावर गर्दी असते तेव्हा हे होत नाही, आणि १२.८ आले की ट्रॅक्टर माघारी.

या ओलाव्याची खरी किंमत किती, ते पाहा. १५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये ८५ किलो कोरडा माल असतो. तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर वजन भरते ९६.६ किलो. घट झाली ३.४ किलोची. हमीभावाने तिची किंमत होते १६७ रुपये. म्हणजे तीन टक्के जादा ओलाव्यासाठी न्याय्य वजावट १६७ रुपयांची असताना, बाजारात त्याच कारणाखाली हमीभावापेक्षा ६०० ते ९०० रुपये कमी दिले जातात. हा हिशेब प्रत्येक बाजार समितीच्या फलकावर लावला पाहिजे. ओलाव्याप्रमाणे वजन कमी धरून खरेदी करता येते, माल परत पाठवण्याची गरजच नाही.

परवा, १५ नोव्हेंबरला, केंद्राने ओलाव्याची ही मर्यादा या हंगामापुरती १२ वरून १५ टक्के केली. निर्णय योग्य आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण खरेदी १५ ऑक्टोबरला सुरू झाली, दिवाळी होऊन गेली, आणि ज्यांना पैशाची सर्वात जास्त निकड होती त्यांनी लक्ष्मीपूजनाआधीच माल व्यापाऱ्याला घातला. परतीचा पाऊस दरवर्षी येतो. तो येणार हे जूनमध्येही माहीत असते. मग ही सवलत मतदानाला पाच दिवस उरले असताना का निघावी, आणि पुढच्या वर्षी ती पहिल्या दिवसापासून असेल का? शिवाय या सवलतीतून येणारा तोटा राज्याने सोसायचा आहे. तेव्हा नव्या सरकारला त्याची तरतूद विचारली पाहिजे.

दुसरी अडचण बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण काटा बंद पडण्याचे सर्वात नेहमीचे कारण हेच. दीड कोटी क्विंटल माल घ्यायचा तर ५० किलोची ३ कोटी पोती लागतात. ती काट्याच्या आधी गावात पोहोचावी लागतात. पाचशे केंद्रे धरली आणि ९० दिवसांतले सुट्ट्या-पावसाचे वजा जाता ७५ दिवस प्रत्यक्ष कामाचे धरले, तर प्रत्येक केंद्राला रोज ४०० क्विंटल, म्हणजे ८०० पोती मापावी लागतील. आठ तासांत ८०० म्हणजे तासाला शंभर. चाळणी, मीटर, माप, शिलाई, नोंद सगळे धरून. एक चाळणी, एक काटा आणि चार हमाल असलेल्या केंद्रावर हे होऊ शकत नाही. ज्या उमेदवाराला भावाविषयी बोलायचे आहे त्याने आपल्या मतदारसंघात किती काटे, किती चाळण्या आणि किती पोती लागतील हा आकडा घेऊन यावे.

भाव का पडला, याविषयी सभांमध्ये फार कमी बोलले जाते. १०० किलो सोयाबीन गाळले की तेल निघते साधारण १८ किलो आणि पेंड ८० किलोच्या आसपास. सप्टेंबरमध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के आणि रिफाइंडवरचे १३.७५ वरून ३५.७५ टक्के केले. तेल महागले, पण सोयाबीन फारसे वर आले नाही. कारण पेंडीचा उठाव नाही. जगात सोयाबीन भरपूर आहे, आपली पेंड निर्यातीत महाग पडते आणि इथेनॉल काढल्यावर उरणारा मका-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळतो. समजा तेल किलोमागे २० रुपयांनी चढले, तर क्विंटल सोयाबीनला ३६० रुपयांचा आधार मिळतो. पेंड किलोमागे ५ रुपयांनी उतरली की ४०० रुपये गेले. म्हणून तेलाच्या शुल्काबरोबर पेंडीच्या निर्यातीला प्रोत्साहन, हे दोन्ही एकाच वेळी हवे. खासदारांनी दिल्लीत मांडायचा मुद्दा हा आहे. हेही लक्षात ठेवावे की २०२१ मध्ये सोयाबीन १० हजारांच्या आसपास गेले, तेव्हा ऑगस्टमध्ये १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी मिळाली होती आणि डिसेंबरमध्ये वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाने आज होणारे बाजारातले सौदे, बंद झाले. ती वायदेबंदी अजून चालूच आहे, सध्याची मुदत येत्या २० डिसेंबरला (२०२४) संपते. काढणीच्या वेळी पुढच्या चार महिन्यांचा अंदाज देणारा एकही उघडा आकडा शेतकऱ्यापुढे नाही. माझे स्पष्ट मत आहे की वायदे पुन्हा सुरू करावेत.

भावांतर, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकारने भरणे, हा शब्दही सध्या खूप वापरला जातो. मध्य प्रदेशात २०१७ मध्ये ही योजना आली. सरकार फरक भरणार हे कळताच व्यापाऱ्यांनी भाव आणखी पाडल्याच्या तक्रारी तिथे झाल्या. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. खेडा खरेदीत गावातच माल घेणारे अनेकजण पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, देतच नाहीत, कडता (वजनातली कपात) कापून रोख हातावर ठेवतात. पट्टी नाही तर विक्रीचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर भावांतर नाही. गेल्या हंगामासाठी राज्याने सोयाबीन आणि कापसाला हेक्टरी ५ हजार, दोन हेक्टरपर्यंत दिले. हेक्टरी १२ क्विंटलने ते क्विंटलला ४१७ रुपये पडतात. त्यात विक्रीची पट्टी लागली नाही, हा मोठा गुण. पण आधारचे संमतिपत्र आणि सामाईक खातेदारांचे ना-हरकत पत्र यांत अनेकजण महिनोन्‌महिने अडकले. चार भावांच्या सातबाऱ्यावर एक पुण्यात, एक सुरतेत असेल तर सही कोणाची आणणार? तरीही माझ्या मते दोन्हीपैकी हेक्टरी मदतच बरी, फक्त रक्कम दरवर्षी हमीभाव आणि बाजारभाव यांच्या फरकाशी बांधलेली हवी आणि पेरणीच्या आधी जाहीर झालेली हवी.

हमीभावाच्या कायद्याची भाषा करणाऱ्यांनी २०१८ आठवावे. हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी केल्यास व्यापाऱ्याला शिक्षा, असा निर्णय त्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. व्यापाऱ्यांनी बाजार समित्यांतले लिलाव बंद केले आणि विषय तिथेच थांबला. सरकारी काटा पुरेसा नसताना व्यापाऱ्याला दंडाचा धाक घातला, तर तो खरेदीच थांबवतो आणि माल शेतकऱ्याच्या दारात पडून राहतो. आधी काटे, मग कायदा, असा क्रम लावला तरच हे चालेल.

ज्यांचा माल अजून घरात आहे त्यांनी नोंदणी लगेच करावी, माल वाळवून कोरड्या जागी लाकडी फळ्यांवर ठेवावा, आणि व्यापाऱ्याला घालायचाच असेल तर पट्टी घेतल्याशिवाय गाडी रिकामी करू नये. मतांची मोजणी २३ तारखेला आहे. खरेदीची ९० दिवसांची मुदत १२ जानेवारीला संपते. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले तर हाती ५० दिवस उरतात. त्यात मंत्रिमंडळ बनायचे, बारदाना यायचा, केंद्रे वाढायची. मुदतवाढ मागणार का आणि पोत्यांची मागणी कोणत्या तारखेला नोंदवणार, हे दोन प्रश्न प्रचार थांबण्याआधी प्रत्येक गावात विचारले जावेत.

आपला,
एक वाचक, लातूर