आधी पाय, मग हात

पुणे

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

गोल्फ टीममधल्या मुली ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, बॉल तुझ्यापुढे वीसेक यार्ड टाकतात, म्हणून तू रोज जिम झाल्यावर इनडोअर रेंजवर जाऊन जीव खाऊन बॉल मारतेस, असं परवा फोनवर म्हणालीस. तेव्हापासून माझ्यातली फिजिओ काही गप्प बसेना. स्विंगमधलं, म्हणजे क्लब फिरवण्यातलं, मला जे कळतं ते तुझ्या मागे बॅग ओढत फिरल्यामुळे, पण कंबर, खुबे आणि मणके हे माझं रोजचं काम आहे. निदान तेवढ्यापुरतं तरी ऐक.

जिम करून आल्यावर वेगाचा सराव करायचा नाही. दमलेले स्नायू हळू चालतात आणि तू त्यांच्याकडून तो हळूपणाच घोटून घेतेस. वेगाचं काम अंग ताजं असताना करायचं, नीट वॉर्म-अप करून, आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. थोडेच स्विंग घ्यायचे, पण प्रत्येक पूर्ण जोर लावून, आणि मधे चांगला दम खायचा. त्यातले बरेचसे स्विंग समोर बॉल न ठेवताच. समोर बॉल दिसला की तो सरळ जावा म्हणून आपण नकळत हात आखडता घेतो. बाहेर बर्फ आहे आणि स्पर्धा लांब आहेत, तेव्हा हे करायला याहून चांगले दिवस नाहीत.

ड्रायव्हर उलटा कर, बॉलला लागतं त्या क्लबहेडच्या जवळ दांड्याला धर आणि मुठीकडचं टोक हवेत फिरव. सूंऽ असा आवाज येईल. तो कुठे येतो ते कान देऊन ऐक. उजव्या खांद्यापाशीच आला, तर मनगटं घाईने सुटली आणि वेग बॉलपर्यंत पोचायच्या आधीच खर्च झाला. बॉल असतो तिथे, किंवा त्याच्या जरा पुढे, आवाज सगळ्यात मोठा यायला हवा. खोलीत करू नकोस, ट्यूबलाइट फोडशील.

दुसरं पावलाचं ड्रिल. पाय जुळवून उभी राहा. क्लब मागे जात असताना, तो वर पोचायच्या आत, डावा पाय लक्ष्याच्या दिशेने टाक आणि मग मार. तुझ्या मागच्या व्हिडिओत क्लब वर पोचतो न पोचतो तोच खांदे बॉलकडे वळलेले दिसतात, खुबे मागाहून येतात. हा क्रम उलटा हवा. आजी गावी दगडावर धुणं आपटायची ते आठव. पाय रोवून आधी कंबर वळायची, मग खांदा, मग हात, आणि ओल्या चादरीचं टोक सगळ्यात शेवटी फटकन् बसायचं. नुसत्या हातांच्या जोरावर आपटत राहिली असती, तर दोन चादरींतच तिचा खांदा गेला असता.

डावा पाय टाकलास की त्याने जमीन खाली दाबायची आणि बॉल लागेपर्यंत गुडघा सरळ होऊ द्यायचा, उडी मारताना करतो तसं. अमेरिकन गोल्फर जस्टिन थॉमस बॉल मारताना चवड्यांवर उचलला जातो, तो याचमुळे. जिममध्ये दंडांच्या मागे लागण्यापेक्षा उड्या, डेडलिफ्ट आणि मेडिसिन बॉल बाजूने भिंतीवर फेकणं, हे कर.

कोचनी वेगाच्या सरावासाठी सांगितलेल्या त्या हलक्या-जड काठ्या जरूर वापर. पण माझ्या मते काठीपेक्षा शेजारी ठेवलेला वेग मोजणारा रडारच जास्त काम करतो. आकडा दिसला की माणूस इरेला पेटतो. थोडे स्विंग डाव्या बाजूनेही घे, म्हणजे अंग एकाच बाजूला पिळलं जाणार नाही.

आता माझ्या खात्यातलं. गोल्फ खेळणाऱ्यांचं सगळ्यात जास्त दुखतं ते कमरेत. तिथले पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम दहा-बारा अंश वळतात. बाकीचं वळण खुब्यांनी आणि पाठीच्या वरच्या भागाने द्यायचं असतं. त्यांनी दिलं नाही, तर कंबर आपल्या ऐपतीबाहेर खर्च करते. खुर्चीवर बस, गुडघे जुळव आणि डावं पाऊल बाहेरच्या बाजूला ने. उजव्यापेक्षा कमी गेलं, तर डावा खुबा आखडलाय आणि बॉल मारल्यानंतर सगळा पीळ कमरेवर येतो. मग आधी तो खुबा मोकळा कर, वेग त्यानंतर.

बाबा तुला अमेरिकन गोल्फर ब्रायसन डिशाम्बोचे किस्से ऐकवणार, माहीत आहे मला. २०२०मध्ये त्याने अंगावर वजन चढवलं, वेग वाढवला आणि विंग्ड फूट कोर्सवरची यूएस ओपन सहा स्ट्रोकनी जिंकली, हे खरंच आहे. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकला तिच्या गटातल्या मुली ड्रायव्हरने सर्रास मागे टाकत होत्या. तरीही पटरच्या, म्हणजे बॉल हळूच भोकात ढकलायच्या क्लबच्या, जिवावर ती चौथी आली, पदक एका स्ट्रोकने हुकलं. पदक हुकलं हेही विसरू नये. थोडी लांबी असती तर, असं मलाही वाटून गेलं. म्हणून वेग नकोच, असं मी म्हणत नाही.

फक्त हिशेब नीट कर. क्लबहेडचा वेग ताशी एक मैल वाढला की साधारण अडीच यार्ड मिळतात, पण बॉल मधोमध लागला तरच. अगदी नेमका लागला, तर बॉलचा वेग क्लबहेडच्या जेमतेम दीडपट होतो. तू ताशी ९० मैलांनी फिरवून १.४८पट काढलंस, तर बॉल १३३ने सुटतो. ९५ने फिरवून कडेला लागला आणि १.४०पटच निघालं, तरी १३३च! एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक टूरवरच्या खेळाडूंची सरासरी ९४च्या आसपास आहे, म्हणजे तू काही फार मागे नाहीस. वेगाचा दिवस झाला की दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या तोंडावर पायाला लावायची पावडर मार आणि बॉल कुठे लागतोय त्याचे ठसे बघ.

कंबर नुसती आंबली तर चालेल. पण बरगडीत एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं, किंवा कळ पायात उतरली, तर त्या क्षणी बंद. ‘आज संपवते, उद्या बघू’ नाही. ट्रेनरला दाखव आणि मला फोन कर, इथे कितीही वाजले असोत.

तुझी,
आई

ता. क. रडारचा आकडा बाबांना थेट पाठवू नकोस. ते तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात आणि मग लिफ्टमध्ये लोक मला विचारतात.