आधी उंची, मग अँटेना: काका, आभार!

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचं, लायसन्स हातात आलं तेव्हा मला यागीच (एकाच दिशेला जोर देणारा, अनेक दांड्यांचा अँटेना) हवा होता. चारचौघांना विचारलं, तर ज्यानं त्यानं आपल्याच अँटेनाचं कौतुक ऐकवलं. तुम्ही मात्र विचारलंत, "गच्ची किती उंचावर आहे? आणि बोलायचंय कुठे?" इंदिरानगरातली आमची तीन मजली इमारत, आणि मला हवा होता युरोप. २० मीटर बँडचा (१४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली आडवी तार, जमिनीपासून पाचेक मीटरवर असला तर त्याचा बराचसा जोर सरळ आभाळात जातो. दहाच्या वर नेला की लहरी क्षितिजाकडे झुकतात आणि आयनांबरावरून (वातावरणातल्या उंच विद्युतभारित थरावरून) परतून लांब पोचतात. ही उंची इमारतीनं फुकटातच दिली होती. व्हर्टिकलचा, म्हणजे उभ्या अँटेनाचा, कोन आणखी खाली असतो, पण त्याच्या बुडाशी पसरायच्या तारा, रेडियल्स, अंथरायचे कुठे, गच्चीत पापड वाळत असताना? शिवाय शेजारपाजारच्या एलईडी दिव्यांची नि इन्व्हर्टरची खरखर तो जास्त ओढतो.

टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत तार ईशान्य-नैऋत्य बांधलीत. डायपोलचा जोर तारेच्या काटकोनात. त्यामुळे एका अंगाला वायव्येचा युरोप, दुसऱ्या अंगाला ऑस्ट्रेलिया. हिशेबानं एकेक बाजू ५.०५ मीटरची, तुम्ही मुद्दाम जास्त ठेवलीत. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, कमी तितकं चांगलं) सगळ्यात कमी आला तो १३.९५ मेगाहर्ट्झला, म्हणजे तार लांबच. मग दोन्ही टोकं चार-चार बोटं मागे दुमडून तारेवरच पिळलीत, पक्कड खिशातच राहिली. "कापलेली तार वाढत नाही बरं का!" पुढच्या वेळी तो सगळ्यात कमी आला १४.१५ मेगाहर्ट्झच्या आसपास, हवा होता तिथेच.

सोसायटीच्या सचिवांना हा मोबाईल टॉवर वाटला होता. त्यांना चहा पाजून, हेडफोन कानाला लावून तुम्ही गप्प केलंत, ते मला कधीच जमलं नसतं. स्वतःकडची कोॲक्स (रेडिओ ते अँटेना जोडणारी केबल) दिलीत, पैसे घेतले नाहीत ते नाहीतच.

त्याच संध्याकाळी इटलीचं स्टेशन मिळालं. तुम्ही खुर्चीत बसून नुसते हसत होतात.

यागीचं वेड गेलेलं नाही, सांगून ठेवते! वळिवाच्या दिवसांत कोॲक्स काढून ठेवायची तुमची ताकीद पाळते आहे. आता डोळा ४० मीटरवर आहे. त्याला सरळ तार वीस मीटर लागेल आणि आमची गच्ची तेवढी लांब नाही. येत्या रविवारी टेप घेऊन येता का? काकूंनाही आणा.

७३ (हॅम मंडळींच्या भाषेत 'शुभेच्छा'),
तुमची नवी हॅम