गोव्याच्या गोड वाईनसाठी जाहीर आभार

तरुणपणी पणजीत प्यायलेली, खिशाला सहज परवडणारी गडद लाल, गोड वाईन मला यंदा पुन्हा मिळाली आणि त्याचे सारे श्रेय ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत अशा माणसांचे आहे. नांदेडहून त्यांचे मनापासून आभार मानतो.

पहिले आभार इथल्या दुकानातील त्या तरुणाचे, ज्याने नाशिकची महागडी बाटली माझ्या माथी न मारता, मी वर्णन केलेली चव गोव्यात ‘पोर्ट’ नावाने मिळणाऱ्या गोड वाईनची असावी, असे प्रामाणिकपणे सांगितले.

मडगावच्या बाजारातील वयस्क दुकानदारांचे ऋण मात्र फार मोठे आहे. गिऱ्हाइकांची गर्दी असताना त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावले की, पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातील अस्सल पोर्टमध्ये द्राक्षरस आंबत असतानाच द्राक्षांपासून काढलेला मद्यार्क घालतात, त्यामुळे यीस्टचे काम थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते; गोव्यात त्याच नावाने मिळणारी स्वस्त वाईन ही वेगळी चीज आहे. मग त्यांनी आतल्या फळीवरून एक बाटली काढून दिली. जाणकार तिला कमी लेखतात, ते मला पटत नाही. जेवणानंतर थंड करून घेतलेल्या लहानशा पेल्याला तिची गोडी शोभून दिसते.

आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीने ती बाटली स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि दोन पेलेही आणून दिले. पहिल्याच घोटाला पत्नी म्हणाली, "अहो, हीच ती!" त्या माउलीचेही आभार.